इटालियन जेवण: रेस्तराँचं टेबल की बारचा काउंटर?

जवळच्या इटालियन रेस्तराँत टेबल घ्यावं, की इटालियन बारमध्ये उंच स्टुलावर बसून थोडं खावं-प्यावं? मला हा प्रश्न मुळात वेळेचा वाटतो. इटालियन स्वयंपाकातले काही पदार्थ तुमची वाट बघतात, काही अजिबात बघत नाहीत. आपण जेवायला निघालोय की गप्पा मारायला, हे आधी ठरवा.

न थांबणाऱ्यांत पहिला रिझोत्तो, म्हणजे इटालियन मऊसर भात. आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदळात गरम स्टॉक पळी-पळीने घालत, हलवत तो शिजतो. नुसता भात शिजायलाच साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. शेवटी लोणी आणि चीज फेटून घातलं की तो ताटलीत हळूहळू पसरतो. चार-पाच मिनिटं बोलण्यात गेली की त्याचा गोळा होतो. काचो ए पेपे या पास्त्याचंही तसंच. पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पिठूळ पाणी, एवढ्यावरच तो सॉस उभा असतो, आणि गार झाला की चीजच्या गुठळ्या होतात. अशा पदार्थांसाठी टेबलच हवं, समोर आल्याबरोबर खायची तयारी हवी आणि स्वयंपाकघराला वेळ द्यायची तयारीही हवी. ऑर्डर दिल्यावर पाच मिनिटांत रिझोत्तो आला, तर तो आधी अर्धा शिजवून ठेवलेला होता असं खुशाल समजा.

रेस्तराँ पारखायचं असेल तर मी कार्बोनारा या पास्त्याची चौकशी करते. रोमच्या रीतीत अंडं, पेकोरिनो, मिरी आणि ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, एवढंच असतं. क्रीम घातलं की अंड्याची भुर्जी व्हायची भीती जाते आणि गर्दीच्या वेळी काम सोपं होतं, पण चव बोथट होते. मेन्यू लांबलचक असला तरी मी सावध होते. चाळीस प्रकारचे पास्ते एकाच स्वयंपाकघरातून ताजे निघणं फार अवघड.

बिलाच्या बाबतीत रेस्तराँमध्ये एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पारंपरिक मेन्यूत अँटिपास्ती (सुरुवातीचे छोटे पदार्थ), प्रीमी (पास्ता, रिझोत्तो), सेकोंदी (मांस-मासे), कोन्तोर्नी (भाज्या) आणि गोड असे भाग असतात. सेकोंदीतलं मांस किंवा मासा बहुधा एकटाच येतो, सोबतची भाजी कोन्तोर्नीतून वेगळी मागवावी लागते. सगळे भाग घेतलेच पाहिजेत असं मुळीच नाही. दोघांत एक अँटिपास्तो आणि प्रत्येकी एक पास्ता, एवढ्यात पोट भरतं.

बारचा कारभार निराळा. ऑलिव्ह, चीज, खारवलेल्या मांसाचे पातळ काप, फोकाच्चा (ऑलिव्ह तेलाचा ब्रेड), ब्रुस्केत्ता (भाजलेल्या ब्रेडचे काप): यातलं बहुतेक अर्धा तास समोर पडून राहिलं तरी बिघडत नाही. म्हणून गप्पांसाठी बारच बरा. एकट्याने जायचं असेल तर मी डोळे मिटून काउंटर निवडीन. बारटेंडर समोर असतो, टेबल अडवल्याचा संकोच नसतो, आणि एक ग्लास संपला की उठता येतं.

मात्र पेय जपून निवडा. स्प्रिट्झमध्ये प्रोसेक्को ही फेसाळ वाइन, आपेरोल हे कडवट-गोड मद्य आणि सोडा असतो, तो सौम्य. नेग्रोनीत जिन, काम्पारी हे कडू लाल मद्य आणि गोडसर लाल वर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समान भागांत असतात. सोडा नाही, रस नाही, तिन्ही मद्यंच. रिकाम्या पोटी दुसरा नेग्रोनी घेऊ नये, हे मी कळकळीने सांगते. पैशांचंही भान ठेवावं लागतं: छोट्या बश्या स्वस्त दिसतात, पण भूक मोठी असेल तर त्या मागवत-मागवत बिल रेस्तराँच्याही पुढे जातं. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर उंच स्टूल आणि गोंगाट नकोच.

शाकाहारी मंडळींनी दोन्हीकडे विचारून घ्यावं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं, पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराचं. त्यामुळे मांस नसलेला पास्ताही काटेकोर शाकाहारी असेलच असं नाही. पिझ्झा मारिनारा मात्र बिनघोर: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज नाहीच.

पिझ्झा दोन्हीकडे मिळतो, पण नेपल्सच्या पद्धतीचा असेल तर भट्टीच्या जवळ बसायला मिळेल तिथेच खावा. सुमारे ४८५ अंश सेल्सियसच्या भट्टीत तो ६० ते ९० सेकंदांत होतो, आणि त्याचा मऊ मधला भाग तितक्याच लवकर ओलसर पडतो.

कुठलीच बाजू सोडवत नसेल तर इटलीतली अपेरितिवोची, म्हणजे जेवणाआधीच्या पेयाची, रीत उचला. आधी बारमध्ये एक कडवट पेय आणि मूठभर ऑलिव्ह, बाकीचं बोलणं तिथेच उरकायचं, आणि मग टेबलावर जाऊन एकेक पास्ता. फक्त बारमध्ये ब्रेड खाऊ नका, नाहीतर पास्ता अर्धा उरतो.