काढ्याच्या चोथ्यावर धिंगरीचे स्पॉन : एका हंगामाचा अनुभव

आमच्या लहानशा आयुर्वेदिक औषधनिर्मितीत दशमुळाचा काढा गाळला की भट्टीशेजारी ओल्या चोथ्याचा ढीग पडतो आणि दोन दिवसांत त्याला आंबूस वास सुटतो. यंदा तो खड्ड्यात न टाकता त्यावर धिंगरी अळिंबीचे स्पॉन, म्हणजे बियाणे, लावून पाहिले. तक्रारही मांडायची असल्याने विक्रेत्याचे नाव देत नाही.

गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले हे स्पॉन एक किलोच्या पिशव्यांत आले. पांढऱ्या तंतूंनी दाणे एकमेकांना घट्ट धरलेले होते. फक्त एका पिशवीच्या तळाशी पिवळट पाणी साचले होते, ती आम्ही बाजूला काढली. चोथा ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून, मुठीत दाबल्यावर थेंब गळणार नाही इतका निथळून बेड भरले. दशमुळात बेल, शिवण, टेटू अशा वृक्षांची मुळे असल्यामुळे हा चोथा बव्हंशी लाकूडच असतो आणि त्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, फोडणारी लॅकेजसारखी विकरे (एन्झाइम) धिंगरी स्वतःच तयार करते. अठराव्या दिवशी बेड आरपार पांढरे झाले. पीक निघाल्यावर पाहिले, तर एरवी कोयत्याला दाद न देणारी मुळी बोटांत चुरत होती.

त्रिफळ्याच्या चोथ्यावर मात्र तंतू पेरभर पसरून थांबले आणि आठवड्यात हिरवी बुरशी चढली. विक्रेत्याला फोन केला, तर 'पाणी कमी मारा' एवढेच उत्तर मिळाले. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि ते प्रथिनांना, म्हणजे विकरांनाही, बांधून ठेवते, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. त्या चोथ्याला अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी मानवते. तिचे टॅनेज हे विकर टॅनिनपासून गॅलिक आम्ल मोकळे करते. बुरशीची ही करामत फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फान टीगेम यांनी १८६७ सालीच नोंदवली होती. गॅलिक आम्लापासून ट्रायमेथोप्रिमसारखे जिवाणूरोधक औषध बनते, त्यामुळे आमचा फुकट गेलेला चोथाच खरे तर अधिक मोलाचा होता. पण ते काम प्रयोगशाळेचे, आमच्या शेडचे नव्हे.

'कोणत्याही वनस्पतिजन्य टाकाऊ मालावर चालते' ही पिशवीवरील ओळ विक्रेत्याने खोडावी. दशमुळापुरते स्पॉन पुन्हा मागवले आहे. औषधी चोथ्यावरची अळिंबी तपासून घेतल्याशिवाय विकायची नाही असे ठरवले असून, उरलेले बेड सध्या अडुळशाच्या वाफ्यात खत म्हणून कुजत आहेत.