विहिरीवरच्या पंपाचा आयपी ६५ स्विचबॉक्स: दोन पावसाळ्यांनंतरचे मत

गेल्या वर्षी आर्द्राचा पाऊस लागला आणि आमच्या गुहागरच्या घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, रात्री-अपरात्री पडू लागला. पंखे, फ्रीज, गीझर असे एकेक सर्किट बंद करून पाहिल्यावर दोष विहिरीकडच्या भिंतीवरच्या पंपाच्या स्विचबॉक्सपाशी येऊन थांबला. हा बॉक्स मे महिन्यातच नवा बसवला होता, त्यावर आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून डबा किती संरक्षण देतो ते सांगणारा आकडा, ठळक छापलेला होता आणि साध्या सरफेस बॉक्सच्या जवळजवळ चौपट किंमत मी त्या आकड्यासाठीच मोजली होती. मेन बंद करून झाकण उघडले, तेव्हा तळाशी बोटभर पाणी साचलेले होते, न्यूट्रलच्या टर्मिनलवर हिरवट पूड धरली होती आणि मेलेल्या मुंग्या पाण्यावर तरंगत होत्या. झाकणाभोवतीची रबरी पट्टी मात्र पूर्ण कोरडी होती.

कंपनीच्या तक्रार केंद्राला फोटो पाठवले. ‘साहेब, हा फिटिंगचा दोष आहे, वॉरंटीत बसत नाही,’ एवढेच उत्तर आले, आणि पुन्हा फोन केला तेव्हा तेच वाक्य पुन्हा ऐकवण्यात आले. फिटिंगचा दोष म्हणजे नेमका कोणता, हे त्यांना सांगता येत नव्हते. बॉक्ससोबत आलेल्या कागदावर भिंतीत भोके पाडण्याचा नमुना होता, स्क्रूची मापे होती, झाकण कोणत्या बाजूने उघडते याचे चित्र होते; पण वायर आत कशी घ्यायची, याबद्दल एक ओळही नव्हती. पाण्यापासून संरक्षणासाठीच जी वस्तू विकली जाते, तिच्या माहितीपत्रात पाण्याच्या मुख्य वाटेचा उल्लेख नसावा, याचा मला आजही संताप आहे, आणि हा सगळा लेख त्या रागातूनच लिहिला आहे.

पाण्याची वाट शोधून काढली ती आमच्या वाडीतल्या तरुण वायरमनने. त्याने बॉक्सला हात लावण्याआधी वर वाशांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘काका, पाणी झाकणातनं नाय, पायपातनं येतंय.’ दुकानदाराने पाठवलेल्या आधीच्या माणसाने पीव्हीसी पाइप पागोळीच्या खालून थेट बॉक्सच्या माथ्यात उतरवला होता आणि पाइपाचे सांधे सोल्यूशन न लावता नुसते दाबून बसवले होते. पश्चिमेची झड आली की भिंतीवरून ओघळणारे पाणी त्या सांध्यांतून पाइपात शिरे आणि सरळ बॉक्समध्ये उतरे. बॉक्स बाकी सगळीकडून घट्ट असल्यामुळे आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला जागा नव्हती. साधा फुटका बॉक्स असता तर ते खालून निघून तरी गेले असते.

आता त्या भोकाबद्दल सविस्तर लिहितो, कारण दुकानात कोणीही त्याबद्दल बोलत नाही. आयपी आकडा मिळतो तो सगळी तोंडे बंद असलेल्या अवस्थेतल्या डब्याला. आपण वायरीसाठी नॉकआउट, म्हणजे डब्यावरची फोडून भोक करायची पातळ चकती, फोडला की त्या जागी तितक्याच रेटिंगचा केबल ग्लँड बसला पाहिजे, नाहीतर डब्यावरच्या छापील आकड्याला काही अर्थ उरत नाही. ग्लँडचे काम साधे असते. बाहेरचे नट पिळत गेले की आतले पंजे रबरी कडीला दाबतात आणि ती कडी केबलच्या अंगाला चहूबाजूंनी चिकटते. पण कडी गोल असते, म्हणून आतली केबलही गोल हवी. आपल्याकडे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तीन सुट्या वायरी पाइपातून ओढण्याची पद्धत आहे. त्या तीन वायरींभोवती ग्लँड कितीही आवळला तरी त्यांच्या मधोमध एक तिकोनी फट उरतेच. ती फट सिलिकॉनने बुजवण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि ते तांब्याला खाते, त्यामुळे टर्मिनलच्या इतक्या जवळ ते लावणे म्हणजे गंजाला आमंत्रण आहे. न्यूट्रल, म्हणजे असे आम्ल न सोडणारे, सिलिकॉन मिळते, पण वायर पुढेमागे हलली की तेही सुटते. खरा उपाय एकच आहे: बॉक्सपर्यंत येणारा शेवटचा टप्पा तरी बाहेरचे आवरण असलेल्या तीन कोअरच्या गोल केबलचा असावा. २.५ चौरस मिलिमीटरच्या अशा केबलची जाडी साधारण १० मिलिमीटर भरते आणि एम२० मापाच्या नायलॉन ग्लँडमध्ये ती नीट बसते. हा ग्लँड तीस-चाळीस रुपयांना मिळतो. हजाराच्या घरातल्या बॉक्ससोबत कंपनीला तो देता येत नाही, हे मला मान्य नाही.

केबल खालून आत घेणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आमच्या वायरमनने केबल बॉक्सच्या खाली वीतभर उतरवली आणि मग वळवून वर ग्लँडमध्ये घातली. त्यामुळे केबलवरून ओघळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळते आणि ग्लँडपर्यंत पोहोचतच नाही. माथ्यावरचे फोडलेले भोक त्याने रबरी बुचाने बंद केले.

आकडा निवडण्याबाबतचे माझे मत या सगळ्यात बदलले. पहिला अंक धूळ आणि घन वस्तूंसाठी असतो, दुसरा पाण्यासाठी. दुसरा अंक ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी सोसणे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत अडीच-तीन मीटरवरून मारला तरी अपाय न होणे, आणि ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटरचा झोत. आयएस/आयईसी ६०५२९ या मानकातल्या या चाचण्या काही मिनिटांच्या असतात, त्या नव्याकोऱ्या नगावर आणि गोड्या पाण्याने होतात. दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस, खारा वारा आणि उन्हाने कडक होत जाणारे रबर त्यांत नसते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तरीही उघड्या भिंतीवर झोताने मारा करणारे पाणी क्वचितच येते, ओघळणारे आणि झिरपणारेच जास्त येते. म्हणून ५ हा अंक पुरेसा आहे आणि ६ साठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही. पहिला अंक मात्र ४ पेक्षा खाली घेऊ नये. ४ म्हणजे १ मिलिमीटरची तारही आत शिरू नये इतकी घट्ट जोडणी, म्हणजे पालींचा आणि बहुतेक मुंग्यांचा बंदोबस्त होतो.

या हिशेबाने गणपतीच्या आधी दुसरा बॉक्स घेतला, तो आयपी ५५ चा, पहिल्यापेक्षा स्वस्त. घेताना एक गोष्ट मुद्दाम पाहिली: भिंतीला अडकवायचे कान डब्याच्या बाहेर असावेत. पहिल्या बॉक्सचे स्क्रू आतून पाठीतूनच आरपार जात होते, आणि जांभ्याच्या भिंतीतून झिरपणारे पाणी त्या भोकांतून आत यायला मोकळे होते. जांभ्याबाबत आणखी एक त्रास असा की चिऱ्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे स्क्रू आवळताना डब्याची पाठ पिळवटते, मग झाकण बसते पण रबर एका कोपऱ्यात दबत नाही. झाकणाखाली वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी धरून ते बंद केले आणि पट्टी ओढून पाहिली की हा कोपरा लगेच सापडतो. पट्टी सहज निसटली तर तिथे पाणीही सहज शिरणार. म्हणून आधी भिंतीवर सिमेंटचा सपाट थर करून घेतला, तो पूर्ण वाळू दिला आणि मगच बॉक्स बसवला. झाकणाचे चारही स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडेथोडे आवळले.

येथवरचा मजकूर गेल्या वर्षी गणपतीनंतर लिहिला होता. आता दुसरा पावसाळा संपल्यावर त्यात दोन दुरुस्त्या करणे आवश्यक वाटते.

पहिली दुरुस्ती निचऱ्याबद्दल आहे. पावसाळाभर बॉक्स कोरडा राहिला म्हणून मी निश्चिंत होतो, पण ऑक्टोबरच्या उन्हात एका सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसले. दुपारी डबा तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते; रात्री गार झाल्यावर तो बाहेरची दमट हवा ओढून घेतो आणि तिच्यातली वाफ आतल्या प्लास्टिकवर थेंब होऊन बसते. तापलेल्या डब्यावर अचानक सर आली तर हीच ओढ रबराच्या कडेवर थांबलेले पाणीही आत घेते. चाचणीत डबा आणि पाणी यांच्या तापमानात फारसा फरक ठेवत नाहीत, त्यामुळे छापील आकड्यावरून हे कळत नाही. बॉक्सच्या तळाशी निर्मात्यानेच निचऱ्यासाठी एक बारीक बूच ठेवलेले होते. ते काढल्यापासून थेंब दिसले नाहीत. डबा जितका बंद तितका चांगला, हे माझे आधीचे मत मी सोडले आहे. कोकणात निचऱ्याची सोय असलेला आयपी ५५ हा सर्व बाजूंनी बंद असलेल्या आयपी ६६ पेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. मात्र निर्मात्याने जागा ठेवलेली नसेल तर आपण ड्रिलने भोक पाडू नये.

दुसरी दुरुस्ती सॉकेटबद्दल. स्विचशेजारी १६ अँपिअरचा सॉकेट घेऊन त्यात पंपाची पिन लावत होतो, पण ती जाडजूड तीन पिनांची पिन लावल्यावर वरचे पारदर्शक झाकण पूर्ण बसत नाही. झाकण अर्धे उघडे असलेल्या बॉक्सला कोणतेही रेटिंग लागू नाही. आता सॉकेट काढून पंपाची केबल दुसऱ्या ग्लँडमधून थेट डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या) स्विचला जोडली आहे. ज्यांना सॉकेटच हवा आहे त्यांनी दुकानात स्वतःची पिन नेऊन, ती लावून, झाकण मिटते का ते पाहावे.

आयपी ६७ बद्दल ओळखीच्या अनेकांनी विचारले, विशेषतः चिपळूणच्या लोकांनी, कारण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी त्यांच्या घरात शिरले होते. दुसरा अंक ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. पुराचे पाणी यापेक्षा खोलही असते आणि कितीतरी जास्त वेळ थांबते. शिवाय ७ मिळालेला डबा झोताच्या ५ किंवा ६ च्या चाचणीत उतरलेला असेलच असे नाही. दोन्ही हवे असतील तर दोन्ही अंक स्वतंत्र छापलेले असावे लागतात. त्या पैशांत बोर्ड पुराच्या खुणेच्या वर सरकवून घ्यावा आणि खालच्या मजल्याचे सर्किट वेगळ्या एमसीबीवर काढावे. पडवीत, जिथे पावसाळ्यात झापे लावलेली असतात, तिथे आयपी ४४ सुद्धा पुरते. ज्याच्या खोक्यावर नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे आणि आकडा नाही, तो बॉक्स मी फुकटही बसवणार नाही. आतल्या स्विचवर आयएसआय चिन्ह असणे वेगळे आणि डब्याला आयपी असणे वेगळे, दोन्ही पाहून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल तर बॉक्सच्या आधी तो घ्यावा. आमच्याकडे गळतीची पहिली खबर त्यानेच दिली, नाहीतर ओल्या हाताने पंप लावणाऱ्याला ती शॉकने कळली असती.

दुसऱ्या बॉक्सची सध्याची स्थिती अशी: आत कोरडा, टर्मिनल लखलखीत, मात्र झाकणाचे मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू खाऱ्या वाऱ्याने लालसर झाले होते, ते काढून स्टेनलेस स्टीलचे, ३१६ प्रतीचे घातले. झाकणाच्या रबराला दक्षिणेकडच्या कोपऱ्यात किंचित चीर दिसते आहे. पट्टी सुटी मिळते का, म्हणून विक्रेत्याकडे विचारले, तर पूर्ण बॉक्सच घ्यावा लागेल असे सांगण्यात आले. आणखी दोन दुकानांत हेच उत्तर मिळाले. काही रुपयांच्या पट्टीसाठी चांगला डबा टाकून देणे मला जमणार नाही. पुढच्या मृगाआधी त्याच जाडीची ईपीडीएम या ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराची दोरी कापून खाचेत बसवणार आहे. बॉक्सला पाचपैकी साडेतीन देतो, आणि कापलेला दीड गुण या पट्टीचा आणि खोक्यात न मिळालेल्या ग्लँडचा आहे.