नौपाड्यातील जुन्या पुस्तकांचे दुकान आणि व्हिव्हियन वुडवर्ड

ठाण्यात नौपाड्यातील एका गल्लीत असलेल्या जुन्या पुस्तकांच्या छोट्या दुकानात मला इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासावरील एक जाडजूड पुस्तक २०० रुपयांत मिळाले, आणि त्यातील व्हिव्हियन वुडवर्ड या आघाडीच्या खेळाडूवरील एका प्रकरणातच माझे पैसे वसूल झाले. पेशाने वास्तुविशारद असलेला वुडवर्ड टॉटनहॅम आणि चेल्सी या लंडनच्या क्लबांकडून हौशी खेळाडू म्हणून, म्हणजे पगार न घेता खेळला. इंग्लंडसाठी त्याने २३ सामन्यांत २९ गोल केले, शिवाय १९०८ आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या ब्रिटिश संघाचे नेतृत्वही केले. एफए कप या इंग्लिश क्लबांच्या स्पर्धेच्या १९१५ मधील अंतिम सामन्याची हकिगत मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्या महायुद्धामुळे सैन्यात असलेल्या वुडवर्डने रजा मिळूनही, चेल्सीला तिथवर आणण्यात ज्याचा वाटा होता त्या बॉब थॉमसन या खेळाडूची जागा घेण्यास नकार दिला. चेल्सी ०-३ अशी हरली, तरी या नकाराबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी होत नाही.

दुकानात पुस्तके विषयवार लावलेली आहेत आणि स्टुलावर बसून निवांत चाळू देतात, हे मला फार मोलाचे वाटते. नेमक्या याच प्रकरणाची शिवण उसवलेली होती व चार पाने सुटून हातात आली, हे विकताना सांगायला हवे होते. तक्रार केल्यावर दुकानदारांनी बाइंडिंग विनामूल्य करून दिले. नव्या कापडी पुठ्ठ्याला अजून खळीचा वास येतो.