आधी आठ तारा मोजा, मग राउटर बदला: टीपी-लिंक आर्चर एएक्स२३

साधारण चार हजारांच्या घरात वायफाय ६ चा राउटर मागितला की दुकानदार बऱ्याचदा आर्चर एएक्स२३ पुढे करतो. वस्तू चांगली आहे. पण घरातलं नेट रडतंय म्हणून तो आणला आणि दुसऱ्या दिवशीही नेट तसंच रडत राहिलं, असं अगदी सहज होऊ शकतं. कारण दोष राउटरमध्ये असतो, भिंतीत असतो, केबलीत असतो किंवा नेटवाल्याच्या टोकाला असतो. नवा डबा यातला पहिलाच दोष घालवतो.

खोक्यावरचा ‘एएक्स१८००’ हा आकडा आधी बाजूला ठेवू. ती बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्‌झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्‌झवर १२०१ एमबीपीएस. होतात १७७५, वरचे पंचवीस कंपनीच्या खात्यावर. फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर (फ्रिक्वेन्सी बँडवर) जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज कुठल्याच फोनवर दिसणार नाही. १२०१ हा आकडासुद्धा फोन आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा. त्याच खोलीत चांगला वायफाय ६ फोन असेल तर प्रत्यक्ष डाउनलोड त्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत मिळतं. आयफोन ११ पासून पुढच्या आयफोनांत वायफाय ६ आहे. स्वस्त अँड्रॉइड फोनांत अजूनही एका अँटेनाचं वायफाय ५, म्हणजे आधीची पिढी, सापडतं. त्याची जोडणीच ४३३ वर थांबते, म्हणजे हातात अडीचशे-तीनशेच्या आसपास. घरातले सगळे फोन असे असतील तर एएक्स२३ आणि त्याचा स्वस्त भाऊ आर्चर सी६ यांच्यातला फरक तुम्हाला शोधावा लागेल.

मग एएक्स२३ मध्ये खरं कामाचं काय? मागची पाच पोर्टं. एक वॅन (नेट आत येण्याचं), चार लॅन (घरातली उपकरणं केबलीने जोडण्याची), पाचही गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची. वायफाय ६ च्या गाजावाजात ही गोष्ट कोणी सांगत नाही. पण जुन्या राउटरचा गळा बहुतेक वेळा इथेच आवळलेला असतो. जुन्या एका पट्ट्याच्या ‘एन३००’ राउटरांची पोर्टं १०० एमबीपीएसची असतात. आर्चर सी५० सारखा ‘एसी१२००’ राउटर दोन पट्ट्यांचा असूनही पोर्टं १०० चीच. अशा पोर्टातून वजावट जाऊन ९४-९५ एमबीपीएस निघतात. तुमचा प्लॅन २०० चा असेल आणि ५ गिगाहर्ट्‌झवर राउटरशेजारी बसूनही स्पीड टेस्ट दर वेळी ९२ ते ९५ मध्येच अडकत असेल, तर निदान झालं: वाटेत कुठेतरी १०० चा टप्पा आहे.

तो टप्पा राउटरच आहे असं मात्र लगेच धरू नका. लॅन केबलीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, केबलीच्या टोकाच्या क्लिपमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. गिगाबिटला आठही लागतात. घाईत क्लिप मारणारा माणूस नारिंगी आणि हिरवी जोडी लावतो आणि निळी-तपकिरी कापून टाकतो. किंवा त्याच केबलीतून उरलेल्या दोन जोड्यांवर दुसरं काहीतरी नेलेलं असतं. चालतं सगळं, फक्त १०० वर चालतं. क्लिप पारदर्शक असते, उजेडात धरून तारा मोजा. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा दिसत असूनही विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसला, तर एखादी तार आतून तुटलेली असते किंवा पिनेपर्यंत पोचलेली नसते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त केबली वाकवल्या की अशाच तुटतात. नवी क्लिप काही रुपयांची, राउटर हजारांचा.

म्हणून खरेदीआधी अर्धा तास काढून तपासणी करा, आणि ती याच क्रमाने. लॅपटॉप चांगल्या केबलीने थेट फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला जोडा, वायफाय बंद ठेवा आणि स्पीड मोजा. काही ठिकाणी लॉगिन राउटरमध्येच भरलेलं असतं आणि ओएनटीला थेट जोडून नेट येत नाही. तिथे लॅपटॉपवर पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड घालून उघडणारी जोडणी करून तेच लॉगिन घालावं लागतं. इथेच प्लॅनपेक्षा बराच कमी स्पीड आला तर राउटर विकत घेऊ नका, तक्रार नोंदवा. लाल ‘लॉस’ दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. ओएनटीच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर उणे २७ डीबीएमच्या (ताकदीचं एकक, उणे आकडा जितका मोठा तितकी ताकद कमी) खाली घसरलेली जोडणी कधीही तुटू शकते. यातली कुठलीही गोष्ट एएक्स२३ ला दुरुस्त करता येत नाही. इथवर स्पीड ठीक आला तर तीच केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात घालून पुन्हा मोजा. मग केबल काढा, राउटरपासून दोन मीटरवर ५ गिगाहर्ट्‌झवर मोजा. शेवटी जिथे त्रास होतो त्या खोलीत. ज्या पायरीवर आकडा कोसळतो, तिथे दोष. आकडा फक्त शेवटच्या पायरीवर कोसळला तर ती भिंतीची गोष्ट आहे.

आणि भिंतींपुढे चार अँटेना पाहून भुलायचं नाही. एएक्स२३ च्या चार अँटेनांपैकी दोन २.४ साठी, दोन ५ साठी. सिग्नलच्या ताकदीला नियमांची मर्यादा आहे, त्यामुळे जुन्या राउटरपेक्षा हा दुप्पट लांब जाईल ही आशा फोल. साडेचार इंची विटेची एक भिंत ५ गिगाहर्ट्‌झ ओलांडतं, दुसऱ्या भिंतीला दमतं. नऊ इंची भिंत, स्लॅब, आरशाचं किंवा लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात चिऱ्याची जुनी घरं आहेत. तिथल्या फूट-दीड फूट जाड भिंतीपलीकडे कुठल्याही किमतीच्या एका राउटरने नीट नेट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर टाका. उणे ५० डीबीएम म्हणजे उत्तम, व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ७५ च्या पलीकडे रेंजच्या काड्या दिसल्या तरी काम होत नाही.

अशा घरात पैसे केबलीवर घाला. फायबर दारातून आत येतो म्हणून राउटरही दाराशीच टांगलेला असतो, निम्मी रेंज जिन्याला आणि शेजाऱ्याला. ओएनटी तिथेच राहू द्या, दहा-पंधरा मीटर कॅट ६ केबल टाकून राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणा. एवढ्याने भागलं नाही तर केबलीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलीतून आलेलं नेट वायफायवर देणारा डबा, लावा. बिनतारी एक्स्टेंडर शेवटचा उपाय: त्याच पट्ट्यावर ऐकायचं आणि त्याच पट्ट्यावर बोलायचं म्हटल्यावर स्पीड निम्मा होतो. शिवाय लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार! तो अर्ध्या वाटेवर लावायचा असतो.

आता एएक्स२३ घेतलाच असेल तर जोडणीत काय अडतं ते पाहू. ओएनटीमध्येच वायफाय असेल आणि लॉगिनही त्यातच भरलेलं असेल, तर एएक्स२३ अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावणं सगळ्यात बिनत्रासाचं. ओएनटीचं वायफाय मात्र बंद करा, नाहीतर दोन्ही डबे एकमेकांवर ओरडत बसतात आणि फोन कमजोर डब्याला चिकटून राहतो. राउटर मोडच हवा असेल तर नेटवाल्याकडून ओएनटी ब्रिजवर (स्वतः राउटरचं काम न करता नेट फक्त पुढे देणारा) करून घ्या आणि पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लागत असल्यास तोही विचारून घ्या. ब्रिज न करता राउटरमागे राउटर लावला तर साधं नेट चालतं, पण दुहेरी नॅटमुळे (पत्ते बदलण्याचं काम दोन डब्यांत दोनदा होतं) ऑनलाइन गेम आणि बाहेरून पाहायचे कॅमेरे रुसतात. सगळं बरोबर भरूनही नेट येत नसेल तर स्थानिक नेटवाल्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, बांधून ठेवलेला असू शकतो. जुन्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा वॅनचा मॅक पत्ता मॅक क्लोनच्या रकान्यात भरा, किंवा फोन करून नवा नोंदवून घ्या. आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला दिसत असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सामाईक पत्त्यामागे आहात. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगसाठी, म्हणजे बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट काढायला, राउटर बदलून उपयोग नाही, स्थिर आयपी मागावा लागतो.

एक युक्ती मात्र कोणी चुकवू नये. नव्या राउटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर, लहान-मोठ्यासकट. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, बल्ब सगळे आपसूक जोडले जातात. फक्त वायफायची सुरक्षा निव्वळ डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवू नका, जुनी उपकरणं आत शिरत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ ची मिश्र सोय निवडा. स्मार्ट बल्ब बहुधा २.४ वरच चालतात. नवा बल्ब जोडताना स्मार्ट कनेक्ट (दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवणारी सोय) तेवढ्यापुरतं बंद करा. इमारतीत राहत असाल तर २.४ च्या चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ आणि चॅनल १, ६ किंवा ११. मधलाच कुठला तरी निवडून दोन्ही बाजूंचा त्रास ओढवून घेऊ नका. ५ वर रुंदी ८० आणि चॅनल ३६ किंवा १४९ पासून सुरुवात करा. १६० मेगाहर्ट्‌झची सोय या राउटरात नाही.

उणिवा म्हणाल तर यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे हार्ड डिस्क जोडता येत नाही. अँटेना सुट्या होत नाहीत. वॅन गिगाबिटच, २.५ गिगाबिट नव्हे. या वर्गातल्या राउटरांवर क्यूओएस (कोणाला आधी नेट द्यायचं ते ठरवणारी सोय) लावला की कामाचा भार प्रोसेसरवर येतो, मोठ्या प्लॅनवर स्पीड पडतो. ३०० च्या वर प्लॅन असेल तर क्यूओएस बंदच बरा. राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, म्हणून नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्याला टीव्हीच्या बंद कपाटात कोंडू नका. वीज जाणाऱ्या भागात मिनी यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, ओएनटी आणि राउटर दोघांच्या अँपिअरची बेरीज करा. नुसता राउटर यूपीएसवर ठेवून ओएनटी विसरण्याची चूक फार जण करतात. सारखा आपोआप रीस्टार्ट होणारा जुना राउटरही आधी दुसऱ्या अडॅप्टरवर चालवून पाहावा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात.

स्पीड पुरेसा असूनही राउटर बदलावा असं एकच कारण आहे, सुरक्षा. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर९४०एन, डब्ल्यूआर८४१एन आणि डब्ल्यूआर७४०एन यांच्या काही जुन्या आवृत्त्यांतली त्रुटी, प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत टाकली. डब्ल्यूआर८४१एन आपल्याकडेही खूप खपलेला राउटर. डब्याखालच्या स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती पाहा, कंपनीच्या पानावर तिचं शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधीचं आहे ते बघा. काही वर्षांत नवं काहीच आलं नसेल तर तो डबा निवृत्त करायला हवा, प्लॅन ४० चा का असेना.

तर हिशोब असा. प्लॅन १०० पर्यंत, घर दोन खोल्यांचं, राउटर दोन पट्ट्यांचा आणि फर्मवेअर ताजं: काहीही घेऊ नका. जुना राउटर एकाच पट्ट्याचा आणि प्लॅन १५०-३०० चा: आर्चर सी६ पुरेसा आहे, त्याचीही पोर्टं गिगाबिट आहेत. प्लॅन त्याहून मोठा, घरात तीन-चार वायफाय ६ ची उपकरणं, संध्याकाळी एकाच वेळी टीव्ही, दोन मीटिंगा आणि कॅमेरे: इथे एएक्स२३ चे पैसे वसूल होतात. वायफाय ७ साठी थांबावं का, तर नाही. त्यातले स्वस्त ‘बीई३६००’ राउटर दोनच पट्ट्यांचे आहेत, ६ गिगाहर्ट्‌झ त्यांत नसतंच.

जुना राउटर चालू असेल, त्याचं फर्मवेअर फार शिळं नसेल, तर तो भंगारात देऊ नका. त्याच्या पानावर जाऊन पत्ता १९२.१६८.०.२ करा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, वायफायचं नाव-पासवर्ड नव्यासारखंच ठेवा. एएक्स२३ च्या लॅन पोर्टातून केबल आणून त्याच्या लॅन पोर्टात घाला. वॅनमध्ये घातली की पुन्हा दुहेरी नॅट. मागच्या खोलीत १०० चं पोर्ट सहज पुरतं.