इल्मेनाइटमधलं लोखंड काढायचंय: ॲसिड लीचिंग की बेचर?

इल्मेनाइटचं (लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड खनिज) कॉन्सन्ट्रेट आहे आणि त्याचं सिंथेटिक रुटाइल (लोखंड काढून उरलेलं, बहुतेक टायटॅनियम डायऑक्साइड) करायचंय, तर तपासणीच्या रिपोर्टमध्ये टायटॅनियमच्या आधी मॅग्नेशियम-कॅल्शियम बघा. का, तर पुढे क्लोरिनेटरमध्ये (जिथे दाण्यांच्या थरातून क्लोरीन वायू सोडतात) हजार डिग्रीच्या आसपास लोखंडाचं क्लोराइड वाफ होऊन निघून जातं, पण मॅग्नेशियमचं ७१४ डिग्रीला वितळतं आणि वाफ काय होत नाही, मग दाणे एकमेकांना चिकटतात आणि बेड, म्हणजे तो दाण्यांचा थर, जाम.

बेचर पद्धत १९६०च्या दशकातली, पश्चिम ऑस्ट्रेलियाची. किल्नमध्ये कोळशाबरोबर ११०० डिग्रीच्या वर तापवून लोखंड धातूरूपात आणायचं, मग अमोनियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात हवा सोडून त्याला चक्क गंज चढवायचा (आपण आयुष्यभर गंज टाळतो, इथे मुद्दाम!), तो दाण्याबाहेर येतो, धुऊन टाकायचा. शेवटी थोडं पातळ सल्फ्युरिक, की झालं. ॲसिडचा खर्च किरकोळ. पण मॅग्नेशियम बरंचसं आतच राहतं, आणि कोळसा चांगला रिॲक्टिव्ह लागतो, जो त्यांना तिथेच, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॉलीच्या खाणीतून मिळतो.

लीचिंगमध्ये (लोखंड ॲसिडमध्ये विरघळवून काढायचं) आधी हलकं रिडक्शन (तापवून ऑक्सिजन थोडा कमी करणं), मग १८-२० टक्के हायड्रोक्लोरिकमध्ये प्रेशरखाली डायजेस्टर (बंद टाकी) फिरवायचा. केरळात चवऱ्याला केएमएमएल (केरळ मिनरल्स अँड मेटल्स ही सरकारी कंपनी) हेच करते. लोखंडाबरोबर मॅग्नेशियम, मँगनीजपण सुटतं, मालातलं टायटॅनियम डायऑक्साइड ९० टक्क्यांच्या वर जातं. आता हिशोब बघा: १ टन शुद्ध इल्मेनाइटमधलं सगळं लोखंड काढायला साधारण ४८० किलो एचसीएल (हायड्रोक्लोरिक), म्हणजे १८ टक्केवालं ॲसिड पावणेतीन टनाच्या जवळपास, तेही कागदावर, प्रत्यक्षात जास्तच! एवढं रोज विकत घेऊन परवडणारच नाही, म्हणून स्प्रे रोस्टर (वापरलेलं ॲसिड फवारून भाजायची भट्टी) लावून ॲसिड परत मिळवायचं, म्हणजे रिजनरेशन, त्याला इंधन आलं, रबर लायनिंग, ॲसिड ब्रिक आली, आणि लाल आयर्न ऑक्साइड उरतं ते ठेवायचं कुठे हा प्रश्न वेगळाच. (आयर्न ऑक्साइडचा गाळ बेचरमध्येपण उरतोच, तो प्रश्न दोन्हीकडे.)

स्लॅगचा तिसरा मार्ग आहे (विजेच्या भट्टीत वितळवून लोखंड पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, म्हणून वेगळं काढायचं), पण स्वस्त वीज आणि पिग आयर्नला गिऱ्हाईक नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

माझं मत, मॅग्नेशियम जास्त असेल तर लीचिंगच, पण रिजनरेशनचं बजेट नसेल तर प्रोजेक्टच हातात घेऊ नका. मॅग्नेशियम कमी असेल आणि कोळसा जवळ असेल तर बेचर. आणि हो, लीचिंगची ट्रायल घेतलीत तर आधीची आणि नंतरची चाळणी (दाण्यांच्या आकाराची तपासणी) नक्की करून घ्या, दाणे फुटून बारीक झाले तर क्लोरिनेटरमधून धुरळ्यासारखे उडून जातात, मग प्युरिटी कितीही येऊ दे.