लेकीसाठी घेतलेलं मेंदू आणि मणक्याचं मॉडेल, सात महिने वापरून

मार्चमध्ये ऑर्डर केलं होतं, आता ऑक्टोबर चालूय. बॉक्स फोडल्या फोडल्या पाच स्टार देणाऱ्यातला मी नाही, वस्तूने एक मुंबईचा पावसाळा काढला की मग बोलायचं असं आपलं गणित. मी डॉक्टर वगैरे काही नाही, २२ वर्षं बस चालवतोय. पोरगी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे, अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकातला मेंदू तिला चपटा दिसतो म्हणाली म्हणून हे घेतलं. आधी दोघं प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानांत जाऊन बघून आलो, माल एक नंबर पण भाव ऐकून गपचूप उसाचा रस पिऊन परत, मग ऑनलाइन दोन्ही मिळून सव्वापाच हजारात पडलं. आठ तुकड्यांचा मेंदू, आणि स्टँडला लटकवलेला अख्खा कणा, खाली कमरेच्या हाडासकट.

पहिली अडचण जागेची. लालबागला चाळीत १८० स्क्वेअर फुटांची खोली, त्यात माणसं चार, तर हा पाचवा उभा कुठे करायचा? शेवटी कपाट आणि खिडकीच्या मधे बसला. आई पहिल्या दिवशी म्हणाली, घरात हाडं टांगतात का रे कुणी. गणपतीत त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती, ती एका पाहुण्याच्या पोराने ओढली आणि मग जो काय कल्ला झाला तो असो.

आता कणा, कारण खरा उपयोग त्याचाच झाला आणि तोही पोरीपेक्षा मला जास्त. माझी कंबर चार वर्षं धरते, डाव्या पायात कळ उतरते, एमआरआयमध्ये एल फोर एल फाइव्ह लिहून आलंय, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली जागा. डेपोत ज्याला सांगावं तो एकच म्हणतो, मणक्यात गॅप आलाय. मीही तेच सांगत फिरायचो. पोरीने एके रात्री जेवण झाल्यावर ते मॉडेल खाली ठेवलं आणि म्हणाली, पप्पा, गॅप दाखवा मला कुठे येतो तो. बघितलं तर दोन मणक्यांच्या मधे गादी असतेच, म्हणजे अंतर तिथे पहिल्यापासून आहे, आणि असायलाच पाहिजे. बिघडतं ते उलटं, गादी झिजून बसते आणि अंतर कमी होतं, नाहीतर गादीच्या आतला जेलीसारखा गर बाहेरचं कडक वेटोळं ढकलून मागे फुगतो आणि बाजूच्या नसेला लागतो. चार वर्षं मी गॅप भरून यायची वाट बघत होतो!

मॉडेलमध्ये त्याच जागी एक गादी लाल करून फुगवलेली आहे, आयती माझीच. पण इथे एक गोम आहे, घेणाऱ्यांनी नीट वाचा. त्या लाल फुगवट्याजवळच्या भोकातून जी पिवळी नस बाहेर पडते ती एल फोर. मी तीच धरून बसलो होतो की हीच माझी दबलेली. पोरगी म्हणाली नाही, ती फुगवट्याच्या वरून आधीच सटकते. फुगवट्याखाली बहुतेक वेळा सापडते ती पुढच्या मजल्यावर उतरायला निघालेली, एल फाइव्ह. आणि म्हणून तुमचा पायाचा अंगठा वर उचलायला जड जातो, असं म्हणत तिने माझा अंगठा बोटाने दाबून धरला आणि वर करा म्हणाली. उजवा झाला, डावा तिच्या एका बोटाला हरला. आता मॉडेलमध्ये ही खाली जाणारी नस दाखवलेलीच नाही, प्रत्येक भोकातून फक्त इंचभर रबराचा तुकडा बाहेर काढून ठेवलाय. समजावणारं कुणी नसेल तर माणूस चुकीचंच शिकणार.

याहून मोठी चूक म्हणजे मज्जारज्जू. यांनी तो दाखवायला एक रबरी नळी मानेपासून थेट माकडहाडापर्यंत सोडलीये. खरा मज्जारज्जू मोठ्या माणसात ४२ ते ४५ सेंटीमीटरचा, करंगळीएवढा जाड, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तान्ह्या बाळात तो थोडा खाली, तिसऱ्यापर्यंत असतो, मग हाडं भराभर वाढतात आणि हा मागे पडतो. त्याच्या खाली नुसता नसांचा झुपका लोंबतो, त्याला नावच घोड्याची शेपटी असं आहे, लॅटिनमध्ये कौडा इक्वायना. पाठीतलं पाणी काढायला किंवा सीझरच्या भुलीला सुई कमरेत खालीच मारतात ती यासाठीच, तिथे रज्जू नसतो, पाण्यात लोंबणारे धागे असतात आणि ते सुईला वाट देतात. हे मी मोठ्या ऐटीत मिसेसला सांगायला गेलो. ती म्हणाली, मग माझी कंबर काय तुमच्या घोड्याने नेली? सीझरच्या इंजेक्शननेच कंबर गेली यावर ती १९ वर्षं ठाम आहे, मॉडेलने त्यात काही फरक पडला नाही.

पोरीने आता त्या नळीवर कमरेच्या दुसऱ्या मणक्यापाशी काळ्या मार्करने रेघ मारलीये आणि खाली लिहिलंय, इथे संपतो.

याच शेपटीवरून तिने मला एक गोष्ट दहादा बजावलीये, ती सगळ्या कंबरदुखीवाल्यांना सांगतो. कळ येणं वेगळं, पण लघवी अचानक अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, तर मालिश नाही, चूर्ण नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

मोजायला मात्र मॉडेल मस्त आहे. मानेत ७ मणके, छातीला १२, कमरेत ५, पण मानेच्या नसा ८ जोड्या, कारण पहिली नस पहिल्या मणक्याच्याही वरून निघते. एकूण ३१ जोड्या, दोन रविवार मीच तिची उजळणी घेतली. मानेतल्या तीन, चार, पाचवरून श्वासाच्या पडद्याची नस निघते. आमच्या गल्लीतला एक पोरगा वरच्या थरावरून मानेवर पडला होता, हात थोडे हलायचे, पाय गेले, पण श्वास स्वतःचा घ्यायचा. मार पाचच्या खाली लागला असणार एवढं आता कळतं. दहीहंडीला आता हेल्मेट घालतात, पण मान वळायची ती वळतेच.

मेंदूचं मॉडेल त्या मानाने ठीकठाक. तुकडे मॅग्नेटने चिकटतात, जूनपर्यंत चांगले चिकटले, जुलैच्या दमटपणात लहान मेंदूचं मॅग्नेट गोंदासकट बाहेर आलं, दोनदा फेविक्विक केलं. नंबर छापलेत ते हाताच्या घामाने पुसले गेले आणि सोबतच्या चार्टवर दोन नावं अदलाबदल आहेत, सेलरला फोटो पाठवले तर वीस रुपयांचं कुपन आलं. वजन तर काहीच नाही, पावभर वाटतं. खरा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅम. पोरीने भाजीवाल्याच्या काट्यावर तेवढे बटाटे मोजून हातात दिले तेव्हा अंदाज आला. आणि प्लॅस्टिक टणक, खरा ताजा मेंदू म्हणे मऊ लोण्यासारखा, म्हणून तर कवटीच्या आत तीन आवरणं आणि पाणी. खात्री करायला मी रविवारी मटणवाल्याकडून भेजा आणला, ताटलीत ठेवून दोन्ही शेजारी मांडले. वळ्या कमी, पण दोन अर्धे, मागे लहान मेंदू, खाली देठ, सगळं जागच्या जागी. नंतर तो कुणी खाल्ला नाही.

त्याच वेळी विचारून घेतलं, मटणाच्या नळीच्या हाडातलं मगज आणि मज्जारज्जू एकच का, कारण मज्जा दोन्हीकडे आहे. नाही. नळीतली अस्थिमज्जा, तिथे रक्त तयार होतं, मज्जारज्जू म्हणजे नसांची मेन लाइन. आपल्या मराठीनेच घोळ घातलाय.

एक प्रसंग मात्र या मेंदूमुळेच. आमच्या अण्णांना २००९ मध्ये उजव्या अंगाला झटका आला, हात लुळा पडला आणि वाचा गेली. आम्ही समजत होतो जीभ जड झाली. बोललेलं सगळं समजायचं त्यांना, पाणी हवं तर डोळ्याने माठ दाखवायचे, शब्द मात्र एकच यायचा, "हां हां". पोरीने मेंदूचा डावा अर्धा काढला, पुढच्या बाजूला खाली बोट ठेवलं आणि म्हणाली, ही ब्रोकाची जागा, शब्द इथे जुळतात, १८६१ मध्ये सापडली. त्याच्याच वरच्या अंगाला उजव्या हाताची जागा, कारण वायरी देठात खाली उतरताना बाजू बदलतात. रक्त पुरवणारी नळी दोघांना एकच. म्हणून दोन्ही एकदम गेलं. आई चहा गाळत होती. ती म्हणाली, म्हणजे त्यांना बोलायचं होतं. मी गप्प.

तर घ्यावं का? दोन्हीतलं एकच परवडत असेल तर कणा घ्या, मेंदू कॉलेजच्या लॅबमध्येही बघता येतो. स्टँडचा हुक गंजतो, पहिल्याच आठवड्यात त्याला ऑइलपेंट मारा. वाकवून दाखवायची हौस बेताने करा, आमच्या कण्याच्या मानेतली तार सैल झालीये आणि वरचं टोक डावीकडे कलतं, सकाळी खिडकीच्या उजेडात बघितलं की कुणीतरी पेंगतोय असं वाटतं. कण्याला चार स्टार, एक त्या नळीच्या लांबीसाठी कापला. मेंदूला अडीच, त्यातला अर्धा मी नंतर वाढवलाय.