माती, ठसे, वारली की किल्ला? सीमाभागातल्या प्राथमिक वर्गासाठी काय निवडावं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मराठी शाळांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा मुलांकडून कलेचं काय करून घ्यायचं? कित्येक शाळांत चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात, तास जेमतेम ४० मिनिटांचा, आणि सामानासाठी हाताशी पैसे थोडे. अशा वर्गासाठी मातीकाम, ठसेकाम, वारली चित्रं आणि किल्ला यांतून एखादं-दुसरं ठरवायचं असतं.

मी निवडताना एकच गोष्ट आधी पाहते. काम पुरं झाल्यावर ते मुलाचंच राहतं का? थर्माकोलची घरं आणि चमकी लावलेले तक्ते मला म्हणूनच नको वाटतात. ते निम्मे स्टेशनरीच्या दुकानात तयार होतात, उरलेले आई रात्री जागून पुरे करते, आणि मूल सकाळी ते फक्त उचलून आणतं.

या बाबतीत माती सगळ्यांच्या पुढे आहे. आपल्या भागात तर तिला वेळही नेमकी सापडते. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, पाठोपाठच्या अमावास्येला कन्नड घरांत मण्णेत्तिन अमावास्या आणि मातीच्या बैलांची पूजा, मग नागपंचमीचा नाग, मग गणपती. घरी मराठी बोलणारं पोर असो की कन्नड, मातीचा बैल दोघांनी पाहिलेला असतो. बैल कसा असतो हे बाईंनी फळ्यावर काढून दाखवायची गरज नाही, आणि काढूही नये. फळ्यावर एक बैल आला की वर्गात तीस बैल तसेच होतात.

माती मात्र गावागणिक वेगळी. खानापूरकडे कौलांची आणि कुंभारकामाची जुनी परंपरा आहे; खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. तिथल्या शाळांनी आवारातली खडेदार तांबडी माती न घेता कुंभाराकडून मळलेला गोळा मागून आणावा किंवा तळ्यातला गाळ चाळून घ्यावा. अथणी, रायबागकडची काळी माती हाताला छान लागते, पण वाळताना फार आकसते आणि तडकते. तिच्यात बारीक वाळू किंवा राख मिसळली तर बरीच सावरते.

खरी अडचण पायांची. चौथीतली मुलं बैलाचे पाय वेगळे वळून धडाला नुसते चिकटवतात, आणि दोन दिवसांनी खिडकीत पाय एकीकडे अन् बैल दुसरीकडे. पायाचं टोक आणि धडाची जागा, दोन्हींवर काडीने आडव्या-उभ्या रेघोट्या ओढायच्या, मध्ये दाट ताकासारखा चिखल लावायचा, दाबायचं आणि सांध्यावरून ओलं बोट फिरवून फट बुजवायची. पहिली-दुसरीच्या मुलांना ही खटपट सांगू नका. एका गोळ्यातूनच चार पाय चिमटीने ओढून काढायला लावा. बुटके होतात, पण उभे राहतात. वाळवताना घाई नको, चुलीजवळ तर मुळीच ठेवू नका. बाहेरचा थर आधी वाळतो, आतली माती ओली राहते आणि पोट फुटतं. खानापूरच्या पावसात आठवडाभर काहीच वाळत नाही असंही होतं. तेवढी कळ काढायची तयारी हवी. शिवाय प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटकातल्या शालेय कलास्पर्धांत, मातीकामाची स्पर्धा असते, त्यामुळे मुख्याध्यापकांना पटवणं सोपं जातं. पण निवडीचं कारण स्पर्धा असू नये, नाहीतर वर्गातल्या एकाच मुलाचे हात मातीत जातात आणि बाकीची बघत बसतात.

ठसेकामाचा खर्च जवळजवळ नाहीच. आडवी कापलेली भेंडी, अर्धा कांदा, पिंपळाचं पान, थोडा पोस्टर कलर आणि जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद, एवढ्यावर पहिली-दुसरीचा तास रंगतो. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, तिथे शिरा उठून असतात. जंगलाकडच्या गावांत सागाची कोवळी पानं तळहातावर चोळली की हात लाल होतात हे पोरांना आधीच ठाऊक असतं. कागदावर चोळली तरी रंग येतो. पण मातीपुढे ठसेकाम कमी पडतं ते एका जागी. तिसरीच्या पुढच्या मुलाला दोन तासांत त्याचा कंटाळा येतो. मोठ्यांसाठी ते निवडू नका. घडीकामाचंही तसंच: भूमितीला चांगलं, शिस्तीला चांगलं, पण सगळ्यांची होडी एकसारखी.

किल्ल्यावर माझा जीव आहे, तरी दोन अडचणी सांगायलाच हव्यात. पहिली सुट्टीची. महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीत असते. आपल्याकडे, कर्नाटकात, ती दसऱ्याला मिळते आणि दिवाळीला मोजके दिवस. किल्ले गल्लीत उभे राहतात तेव्हा शाळा नुकतीच पुन्हा सुरू झालेली असते. म्हणून शाळेत करायचा तर दसऱ्याची सुट्टी संपल्या संपल्या जागा आखून घ्यावी लागते. दुसरी अडचण मोठी आहे. किल्ला गटाने होतो, आणि गटात दोन दांडगी पोरं दगड रचतात, बाकीची पाणी आणून देतात, मुलींच्या वाट्याला कडेची रांगोळी येते. हे टाळायचं तर किल्ल्याचे भाग वाटून द्या: तट एका गटाला, दरवाजा दुसऱ्याला, तळं आणि देऊळ तिसऱ्याला, आणि कोणाला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

येळ्ळूर, बेळगाव परिसरातल्या शाळांना तर राजहंसगड जवळच आहे. आधी मुलांना वर घेऊन जा. बुरूज बाहेर का फुगलेला असतो, पाणी कुठे साठवलं, सिद्धेश्वराचं देऊळ कुठे आहे हे बघून आलेली पोरं चित्रातला किल्ला करत नाहीत. तटाच्या उतारावर मोहरी किंवा हळीव पेरलं की चार-पाच दिवसांत हिरवं होतं; तेवढे दिवस आधी धरून पेरणी करा. चौथी-पाचवीचा पट पंधराच्या वर असेल आणि आवारात जागा असेल, तर मातीनंतर माझी दुसरी पसंती किल्ल्याला.

वारलीला सध्या सगळ्यात जास्त मागणी आहे, कारण भिंत सुंदर दिसते आणि फोटो चांगले येतात. माझ्या यादीत मात्र ती शेवटी आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, हे मुलांना पटकन जमतं आणि तिथेच गाडी अडते. मग तारपा नाच (तारपा वाद्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं) इंटरनेटवरून उतरवला जातो, बाई पेन्सिलीने आखून देतात, मुलं आत पांढरा रंग भरतात. भिंत शेवटी बाईंची. ही चित्रं पालघर, डहाणूकडच्या वारली समाजाची. लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यातून ती आली. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे वर्गात सांगूनच सुरुवात व्हावी.

तरीही भिंत करायचीच असेल, तर चौथी-पाचवीकडून, आणि विषय आपल्या गावचा द्या: खानापूरकडे भातलावणी, निपाणीकडे तंबाखू, चिकोडीकडे ऊसतोड. आधी प्रत्येकाने वहीत आपापली माणसं काढावीत, मग भिंतीवर प्रत्येकाला हातभर जागा, बाईंची पेन्सिल बंद. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर गेरू धरत नाही, पोपडे सुटतात, तेव्हा हे काम जानेवारीनंतर घ्या. आणि शाळेची भिंत रंगवायची असल्याने एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत आधीच विषय मांडून ठेवा, म्हणजे निम्मी भिंत झाल्यावर चुना फासायची वेळ येणार नाही.